फुगलेली बॅटरी

जळालेले प्लास्टिक आणि जळालेली कातडी यांचा एकत्र वास ज्याने एकदा घेतला, त्याच्या नाकातून तो पुरता कधी जात नाही. मी पोलीस खात्यातून निवृत्त होऊन चोपड्याला राहायला आलो. घरामागे केळीची बाग आहे, सकाळी सातपुड्याकडून गार वारा येतो. तरीही कुणी शेजारी प्लास्टिकचा कचरा पेटवला की मला जळगावच्या विमानतळावरची ती सकाळ आठवते आणि मी उठून खिडकी लावून घेतो.

या हकिकतीत मी कुणाचेही नाव घालणार नाही. जो मेला त्याची माणसे अजून त्याच गावात राहतात. ज्याला शिक्षा झाली त्याचीही राहतात.

मी तेव्हा जळगावच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. विमानतळ आमच्याच हद्दीत येत असे. विमानतळ छोटा, दिवसाकाठी मोजकी विमाने. त्यामुळे आमच्याकडे तिथले काम म्हणजे कधी पाकीट हरवल्याची तक्रार, कधी पार्किंगमधले भांडण, एवढेच. लग्नसराईचे दिवस होते. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, रात्रपाळीचे अंमलदार सुटायच्या घाईत होते. तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन कानाला लावूनच माझ्याकडे पाहिले.

"साहेब, विमानतळावर बॅग फुटली म्हणतात."

"फुटली म्हणजे?"

"स्फोट झाला म्हणतात. एक माणूस भाजलाय."

मी गाडीत बसता बसता बॉम्बशोधक पथकाला आणि वरिष्ठांना कळवायला सांगितले. आम्ही पोहोचलो तेव्हा विमान धावपट्टीच्या बाजूला दार उघडे ठेवून उभे होते. चढलेले प्रवासी उतरवून पुन्हा इमारतीत आणले होते. कुणी रडत होते, कुणी मोबाइलवर चित्रण करत होते. विमानापासून बरेच दूर, सिमेंटवर एक काळी पडलेली बॅग होती. तिच्यावर आग विझवायच्या पांढऱ्या पावडरीचा ढीग होता आणि त्या ढिगातून अजून धूर निघत होता.

काय घडले ते सामान चढवणाऱ्या दुसऱ्या कामगाराने सांगितले. सामानाची ट्रॉली विमानाच्या पोटाशी लावली होती. निम्म्या बॅगा आत गेल्या होत्या. खालच्या एका बॅगेतून आधी फुसफुस आवाज आला, मग पांढरा धूर. विमानात माणसे चढत होती. जो कामगार ट्रॉलीजवळ होता, त्याने वरच्या बॅगा ढकलल्या, धुराची बॅग छातीशी धरून उचलली आणि विमानापासून लांब पळत सुटला. पळता पळताच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून जाळाचा झोत निघाला, तो थेट त्याच्या गळ्यावर आणि तोंडावर. तरी त्याने बॅग लगेच टाकली नाही. आणखी काही पावले गेला आणि मग बॅगेसकट पडला.

रुग्णवाहिका अजून फाटकाशी होती. मी धावत गेलो. आत पन्नाशीकडे झुकलेला, काटक माणूस. विमानतळ झाला तेव्हा आसपासच्या गावांतल्या काहींना कंत्राटावर काम मिळाले, त्यांतला हा एक. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, हनुवटीखालची कातडी सुटलेली. शुद्धीवर होता. मला वर्दीत पाहून म्हणाला, "साहेब, इमानले काही झायं नही ना?"

"विमानाला काही झालं नाही भाऊ. सगळे सुखरूप आहेत."

"मजार बठ्ठा लोके व्हतात," तो म्हणाला. आत सगळे लोक होते, एवढेच त्याला सांगायचे होते. मग त्याने डोळे मिटले.

बॉम्बशोधक पथकाने बॅग तपासली. स्फोटकाचा मागमूस नव्हता. आतल्या मोठ्या कप्प्यात कपडे आणि कॅमेऱ्याचा ड्रोन होता, वितळून वाकडा झालेला. बाहेरच्या कप्प्याच्या जागी एक काळा, चिकट, धातू मिसळलेला गोळा होता. पंचांसमक्ष पंचनामा केला, गोळा वेगळा सीलबंद केला आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवला. पथकाचा प्रमुख हातमोजे काढत म्हणाला, "बॉम्ब नाही साहेब. ही लिथियमची बॅटरी पेटलीय. पण बॉम्बपेक्षा कमी समजू नका. ही विमान हवेत असताना पेटली असती, तर सामानाच्या कप्प्यात कोण जाणार होतं विझवायला?"

बॅगेच्या चिठ्ठीवरून प्रवासी लगेच सापडला. तो पळालाही नव्हता. आतल्या दालनात खुर्चीवर पाठीची पिशवी पोटाशी धरून बसला होता. तिशीतला तरुण, धुळे तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. धुळ्यात त्याचा छोटा स्टुडिओ होता. लग्ने, मिरवणुका, शेतांचे चित्रण, अशी कामे तो ड्रोनने करायचा. हैदराबादला एका लग्नाचे काम होते. सोबत त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. हा त्याचा धंद्यातला भागीदारही. गिऱ्हाइके आणणे, बोलणी करणे ही कामे दाजी बघायचे, ड्रोन उडवायचा मेहुणा. यापुढे मी त्यांना तरुण आणि दाजी असेच म्हणतो.

दोघांना ठाण्यात आणले, वेगवेगळे बसवले. दाजी घामाघूम झालेला, सारखे पाणी मागत होता. त्याचे म्हणणे, "मला त्या मशीनमधलं काही कळत नाही साहेब. ते सगळं तो बघतो." तरुण मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"साहेब, मी बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकल्याच नाहीत. चारही माझ्याजवळ आहेत. बघा."

त्याची पाठीची पिशवी मी स्वतः उघडली. चार बॅटऱ्या होत्या. प्रत्येक वेगळ्या जाड पाकिटात, प्रत्येकीच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावलेली.

"ही पट्टी कशाला?"

"टोकांना धातूचं काही लागलं तर शॉर्ट होतं. नाणं लागलं, चावी लागली तरी. म्हणून."

"आणि मोठ्या बॅगेत का नाही ठेवायच्या?"

"नियम आहे साहेब. ड्रोन मोठ्या बॅगेत गेला तर चालतो, बॅटरी हातातच न्यायची. पंखे काढून वेगळे गुंडाळायचे, कॅमेऱ्याला त्याचं झाकण लावायचं, आतली बॅटरी काढायची. ड्रोन मऊ कपड्यांत मधोमध ठेवायचा. आणि बॅटऱ्या भरलेल्या न्यायच्या नाहीत, थोडं चार्जिंग उरेल एवढ्या उतरवायच्या. बॅटरीवर किती वॉट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, ते छापलेलं असतं, ते शंभराच्या आत आहे का बघायचं. मी काउंटरवरच्या मॅडमना आधीच सांगितलं होतं, ड्रोन आहे, चार बॅटऱ्या हातात आहेत. त्यांनी विचारलं, फुगलेली, खराब झालेली काही नाही ना? मी नाही म्हणालो."

काउंटरवरच्या मुलीने त्याचे म्हणणे खरे असल्याचे जबाबात सांगितले. मोठी बॅग आत येतानाच क्ष-किरण यंत्रातून गेली होती. तिच्यात तेव्हा बॅटरी दिसली नव्हती. यंत्रातून गेलेल्या बॅगेला प्लास्टिकची पट्टी आवळतात. पण ती पट्टी मोठ्या कप्प्याच्या चेनवर असते, बाहेरचा कप्पा मोकळाच राहतो. म्हणजे तपासणी झाल्यावर आणि बॅग काउंटरवर सोपवण्याआधी कुणीतरी त्या कप्प्यात काहीतरी टाकले होते. बॅगेजवळ होते दोघेच. विमानतळावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले. दाजी बॅगेपाशी वाकलेला दिसत होता, पण कॅमेऱ्याकडे पाठ. त्याला विचारले तर म्हणाला, "चेन नीट करत होतो."

त्याच दिवशी दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला. बोलणाऱ्याने सांगितले, की हा ड्रोनवाला मागे भुसावळच्या कारखान्याच्या बाजूला ड्रोन उडवताना दिसला होता, त्याची नीट चौकशी करा. अशी खबर आली की अधिकाऱ्याला ती बाजूला ठेवता येत नाही. तिथला दारूगोळ्याचा कारखाना, वीजकेंद्र, रेल्वे, सगळेच संवेदनशील. वरून माणसे आली. तरुणाला अटक झाली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. त्याचे घर, स्टुडिओ झडतीत पालथे घातले गेले, मेमरी कार्डे एकेक करून पाहिली गेली. त्यांत होते काय? हळदी, वराती, केळीच्या बागा, एका गावची यात्रा, कुणाच्या तरी नव्या घराची वास्तुशांत. भुसावळकडचे एकच चित्रण होते, तेही कारखान्यापासून कितीतरी लांबच्या खेड्यातल्या लग्नाचे. फोन कुणाचा ते शोधले, तर निघाला धुळ्यातलाच दुसरा फोटोग्राफर. धंद्याची चुरस. त्याच्यावर खोटी खबर दिल्याची कारवाई केली. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. मोबाइलवर तरुणाचा फोटो 'अतिरेकी' म्हणून गावोगाव फिरला. स्टुडिओचा फलक कुणीतरी दगड मारून फोडला. त्याच्या म्हाताऱ्या बापाशी गावात माणसे बोलेनाशी झाली.

इकडे तो भाजलेला कामगार रुग्णालयात होता. नायब तहसीलदारांनी त्याचा जबाब घेतला, तेव्हा मी खोलीबाहेर उभा होतो. कुणावर संशय आहे का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "माले काय माहीत? बॅग कोणी शे ते मी पाही नही." बॅग कुणाची आहे ते पाहिलेच नाही. त्याची बायको पायाशी बसून होती. ती दिवसभर एक शब्द बोलत नसे, फक्त नर्स आली की उठून उभी राहायची. आतून फुफ्फुसे भाजली होती. काही दिवस झगडला आणि एका दुपारी गेला. गुन्ह्याची कलमे बदलली. आता एका माणसाच्या मृत्यूचा तपास होता.

ही बातमी मी तरुणाला कोठडीत जाऊन सांगितली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि बराच वेळ हातांच्या ओंजळीकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बोलावून घेतले.

"साहेब, मीच ठेवली होती."

"काय?"

"बॅटरी. पाचवी होती एक. बाहेरच्या कप्प्यात मीच टाकली. लिहून घ्या."

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही, हे शिकाऊ अंमलदारालाही ठाऊक असते. पण माझी अडचण वेगळी होती. मला त्याचा विश्वासच वाटेना. नोकरीत मी हजारो जबाब घेतले. खरे सांगणारा माणूस मध्येच थांबतो, चुकतो, मागे जाऊन दुरुस्त करतो, कारण तो आठवत असतो. हा तरुण पाठ केलेले म्हणत होता. मी त्याला समोर बसवले, चहा दिला.

"कशी ठेवलीस? सांग."

"टोकाला पट्टी लावून. पाकिटात घालून."

"पाकीट कसलं?"

"इतर चारला आहे तसलंच."

"आणखी काय होतं त्या कप्प्यात?"

"काही नाही."

त्याला माहीत नव्हते, की आदल्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या अधिकाऱ्यांचा मला फोन आला होता. त्या काळ्या गोळ्यात पाकिटाचा अंशही नव्हता, पट्टीचाही नव्हता. बॅटरी आधीपासून फुगलेली असावी, असे त्यांचे मत होते. आणि तिला चिकटलेल्या होत्या चाव्या. दोन चाव्या, एका कडीत.

"मग चाव्या कुणाच्या?" मी विचारले.

त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग म्हणाला, "माझ्याच."

अटकेच्या वेळी घेतलेल्या अंगझडतीत त्याच्या सगळ्या चाव्या त्याच्या खिशातून निघाल्या होत्या आणि त्या आमच्या मुद्देमालात पडून होत्या. मी ते बोललो नाही. त्याला परत आत पाठवले आणि पहाऱ्यावरच्या हवालदाराला विचारले, "काल याला भेटायला कोण आलं होतं?"

"दाजी साहेब. रोजच डबा आणतात. काल जरा जास्त वेळ बसले. रडत होते."

न्यायालयाची परवानगी घेऊन मी प्रयोगशाळेकडून आलेल्या चाव्या सीलबंद पाकिटात घेतल्या, धुळ्याला गेलो आणि तिथलेच दोन पंच सोबत घेतले. आधी स्टुडिओ. तिथे मागच्या बाजूला उघड्यावर वाळूने भरलेली एक पत्र्याची बादली होती. शेजारच्या टेलरला विचारले. तो म्हणाला, "ती ह्या ड्रोनवाल्याची. एक बॅटरी फुगली होती त्याची. घरात ठेवली तर पेटेल म्हणून वाळूत पुरून ठेवली होती. दाजींना सांगत होता माझ्यासमोर, हिला हात लावू नका, हिचा कचरा वेगळा द्यावा लागतो." वाळू उपसली. बादलीत बॅटरी नव्हती.

तिथून दाजीच्या घरी गेलो. तो घरात नव्हता, जळगावला डबा घेऊन निघाला होता. दार त्याच्या बायकोने उघडले. तरुणाची थोरली बहीण. आई लहानपणी गेल्यावर भावाला तिनेच वाढवले होते. भाऊ तिला अक्का म्हणायचा. तिने आम्हाला बसायला सतरंजी घातली, पाणी दिले. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता.

"साहेब, मन्हा भाऊ असं काम करणार नही," ती म्हणाली. "विळीसुद्धा पातं खाली करून ठेवणारा पोरगा आहे तो. सुई दिसली तर उचलून डबीत ठेवेल."

अंगणात एक मोटरसायकल उभी होती, धुळीने माखलेली. मी विचारले, "ही कुणाची?"

"ह्यांची. पण चावी हरवली म्हणतात. विमानतळावरून आले तेव्हापासून. बसनेच जाताहेत जळगावला."

पंचांसमक्ष मी पाकीट फोडले. चावी काळी पडली होती, मुठीकडचे प्लास्टिक पूर्ण गेले होते, पण पाते शाबूत होते. मी ती मोटरसायकलच्या कुलपात घातली. थोडी अडली. जरा जोर दिल्यावर फिरली आणि समोरचा हिरवा दिवा लागला.

अक्का ओट्यावर उभी होती. चावी कुठून आली हे मी तिला सांगितले नव्हते. तिने चावीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तिथेच खाली बसली. पंचांपैकी एक जण तिच्याच गल्लीतला होता, तो मान खाली घालून उभा राहिला. मग ती म्हणाली, "रोज मी डबा बांधून देत होते साहेब. ह्यांच्याच हातात देत होते. भावाला गरम पोचवा म्हणत होते."

मी तिला म्हणालो, की तुम्ही बायको आहात, जबाब द्यायचा की नाही ते तुमच्या मनावर आहे. मी जबरदस्ती करणार नाही.

"लिहा," ती म्हणाली. "ही चावी त्यांनी माझ्यासमोर खिशात टाकली होती त्या सकाळी. लिहा तुम्ही."

दाजीला त्याच दिवशी ठाण्यात डबा देताना ताब्यात घेतले. मी टेबलावर फक्त चावी ठेवली. त्याने ती पाहिली आणि डब्याची पिशवी खाली ठेवली. मग जे सांगितले, ते कुठेही पाठ केलेले नव्हते. तो अडखळत होता, मागे पुढे जात होता.

"तीन कार्यक्रम होते साहेब लग्नात. चार बॅटऱ्या पुरत नाहीत. मागच्या वेळी वरमाला चालू असताना ड्रोन खाली उतरवावा लागला होता, लोक तोंडावर बोलले. ती फुगलेली होती खरी, पण चालत होती. थोडा वेळ तरी चालत होती. तो ऐकत नव्हता, म्हणून मी न सांगता खिशात टाकून आणली. म्हटलं, तिथं गेल्यावर देऊ."

"मग बॅगेत कशी गेली?"

"काउंटरवर त्या बाईनं विचारलं ना, फुगलेली बॅटरी आहे का. तेव्हा घाबरलो. पुढं अंगझडती होणार, खिशात सापडेल, विमान जाईल, याच्यासमोर लाज जाईल. बॅग तर तपासून झाली होती. आता तिच्यात कोण बघणार? खिशात होतं ते मूठभर तसंच कप्प्यात टाकलं. चाव्याही त्यात गेल्या, ते मलाही नंतर कळलं."

"कचऱ्याच्या डब्यात का नाही टाकलीस?"

"कुणी बघितलं असतं."

तो कामगार मेल्यावर तू कोठडीत जाऊन मेहुण्याला काय बोललास, हे मी विचारले. तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

दोघांना समोरासमोर आणले. तरुण दाजीकडे पाहायला तयार नव्हता. मला म्हणाला, "मला तिसऱ्या दिवशीच समजलं होतं साहेब. चार माझ्याजवळ होत्या, म्हणजे पेटली ती पाचवीच. बादलीतली. माझ्यासोबत फक्त दाजी होते, आणि तिची गोष्ट त्यांना ठाऊक होती."

"मग बोलला का नाहीस?"

"अक्कानं मला हातानं भरवलंय. हे म्हणाले, मी आत गेलो तर तिचं घर मोडेल, पोरांचं शिक्षण थांबेल. तुझ्या मागं कोण आहे, तुझं लग्नही झालेलं नाही. मला त्यांचं पटलं."

"तुझ्या अक्कानंच जबाब दिलाय," मी म्हणालो.

इतके दिवस कोठडीत, अतिरेकी म्हणवून घेत, तो एकदाही रडला नव्हता. तेव्हा रडला. दाजीने त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तसा तो मागे सरकला.

पुढचे काम कागदोपत्री होते. तरुणावरचे आरोप मागे घेण्याचा अहवाल आम्ही न्यायालयात दिला. चित्रण पुन्हा पाहिले, तेव्हा आता काय शोधायचे ते माहीत होते. दाजीचा हात खिशाकडे जातो, तो वाकतो आणि हात मोकळा वर येतो. खटला चालला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल आणि इतर कलमांखाली त्याला शिक्षा झाली. अक्का साक्षीला उभी राहिली, एका शब्दानेही डगमगली नाही. साक्ष देऊन बाहेर आल्यावर सासरच्या माणसांनी तिला गाडीत घेतले नाही. ती बस स्टँडपर्यंत पायी गेली. भाऊ मागून चालत होता, पण तिने त्यालाही जवळ येऊ दिले नाही. पुढे तिने धुळ्यातच शिवणकाम सुरू केले, नवरा सुटून आल्यावरही ती वेगळीच राहिली. तरुणाने स्टुडिओ बंद केला. आता वडिलांबरोबर कापूस करतो असे ऐकले.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मी त्या कामगाराच्या घरी गेलो होतो. मयताच्या घरच्यांना तपासाचे कळवणे हा कामाचाच भाग आहे, पण यावेळी मी शिपायाला पाठवले नाही. घर विमानतळाच्या कुंपणापासून फार लांब नव्हते. अंगणात बाज टाकून मला बसवले. रुग्णालयात अबोल असलेली त्याची बायको समोर उकिडवी बसली. मी तिला सगळे साध्या शब्दांत सांगितले. बॅटरी म्हणजे काय, ती का पेटली, कुणी ठेवली, का ठेवली. सगळे झाल्यावर तिने विचारले,

"साहेब, त्या माणसाला माहीत होतं का, की ती पेटते?"

"होतं. मेहुण्यानं सांगितलं होतं."

"मग त्यानं ती स्वतःजवळ का नाही ठेवली?"

चहा आला होता, तो तसाच ठेवून उठणे बरे दिसले नसते म्हणून प्यालो.

कुऱ्हाडीने, विषाने, गोळीने केलेले खून मी पाहिले आहेत. त्यात मारणाऱ्याच्या मनात मारायचे असते आणि मयताच्या घरच्यांना निदान शिव्या द्यायला एक तोंड मिळते. या प्रकरणात कुणाच्याच मनात कुणाला मारायचे नव्हते. एका माणसाला फक्त अडचणीत सापडायचे नव्हते. आपल्या खिशातला धोका त्याने अशा जागी टाकला, जिथून तो दुसऱ्याच्या हातात जाणार होता. ते हात कुणाचे असतील, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. नंतर तो धोका पोलिसांपर्यंत आला, तेव्हाही त्याने तेच केले. या वेळी तो मेहुण्याच्या हातात दिला.

आता ओळखीचे कुणी ड्रोन घेऊन विमानाने निघाले, की मी त्यांना सांगतो. बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवा, टोकांना पट्टी लावा, प्रत्येक वेगळ्या पाकिटात घाला, काउंटरवर आपणहून सांगा. फुगलेली असेल तर ती विमानापर्यंत आणूच नका. लोक हसतात, म्हणतात, साहेब, निवृत्त झालात तरी चौकशी सुटत नाही तुमची. मी हसून सोडून देतो. हातात का न्यायची, हे कुणी विचारले तर नियमाचे कारण सांगतो, की तिथे धूर निघाला तर लगेच दिसतो आणि विझवता येतो. ते कारण बरोबरच आहे. पण माझ्या कानात तेव्हा त्या कामगाराच्या बायकोचा प्रश्न असतो, आणि तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही. आज पहिल्यांदाच इथे लिहिला.